जपानी देवळातली आई

आपण विधवा आहोत, हे आई कधीच विसरली नाही. आम्ही विसरलो तरी.

आज तिला जाऊन वर्ष झालं.

मी इथे सहसा काही लिहीत नाही. आज एक आठवण लिहितो.

बाबा गेले तेव्हा मी बारावीत होतो. आई नागपूरला पोस्टात काउंटरवर होती. ताईला आणि मला तिनेच शिकवलं. बँक, वकील, आमच्या ॲडमिशन्स, कुठेच ती मागे राहिली नाही.

फक्त शुभकार्यात मागे राहायची. कोणी सांगायच्या आधी, आपणहून.

ताईचं कन्यादान काका-काकूंनी केलं. आई तेव्हा कोठीघरात होती.

माझ्या मुलीच्या, मीराच्या जन्माच्या वेळी ती आमच्याकडे अमेरिकेत, रेडमंडला आली. माझी बायको नाओमी जपानी, पण इथेच वाढलेली. बारसं घरीच केलं. आईने पाळणा सजवला, घुगऱ्या केल्या. मीराला पाळण्यात घालायची वेळ आली तेव्हा इथल्या ओळखीच्या देशमुख काकूंना पुढे केलं आणि स्वतः किचनमध्ये गेली.

नाओमीने विचारलं, "व्हेअर इज आई?"

मी म्हटलं, "चहा करतेय."

महिन्याभराने नाओमीच्या आईने, मिचिकोने, मीराला शिंतो देवळात न्यायचं ठरवलं. बाळाला पहिल्यांदा देवासमोर न्यायची त्यांच्यात पद्धत आहे.

ते देऊळ शहरातच आहे, पण उंच सीडरच्या जंगलात. गाड्यांचा आवाज येतो, गाड्या दिसत नाहीत. त्या दिवशी पाऊस भुरभुरत होता.

आत शिरल्यावर हात आणि तोंड धुवायला दगडी कुंड आहे. आईने लांब दांड्याच्या पळीने हातावर पाणी घेतलं, तीर्थासारखं प्यायली आणि हात डोक्यावरून फिरवला.

"आई, ते प्यायचं नसतं."

"आता प्यायले."

मिचिको म्हणाली, "लीव्ह हर. गुड वॉटर."

मग मिचिकोने पिशवीतून एक छोटा किमोनो काढला. नाओमीला लहानपणी याच किमोनोत आणलं होतं. बाळाला वडिलांच्या आईने घ्यायचं, किमोनो बाळावरून पांघरायचा आणि त्याचे बंद त्या आजीच्या मानेमागे बांधायचे. तिनेच सगळ्यांच्या पुढे उभं राहायचं.

मी हे आईला सांगितलं.

ती दोन पावलं मागे सरकली. "मी नाही. मिचिकोताईंना घेऊ दे. शुभकाम आहे."

"आई, इथे तसलं काही नसतं."

"देव तर असतो ना?"

मिचिकोने विचारलं काय झालं. मी सांगितलं, माझे वडील नाहीत, म्हणून ती पुढे येत नाही.

मिचिकोला कळायला थोडा वेळ लागला. मग ती आईजवळ गेली आणि तिला समजेल अशा इंग्रजीत सावकाश म्हणाली, "मी टू. नो हजबंड. माय सन्स बेबी, आय हेल्ड हिम. बेबी इज फाइन." थोडं थांबून म्हणाली, "बाइट्स एव्हरीबडी. बट फाइन."

आई हसली. पण हात पुढे केले नाहीत.

"पुजाऱ्यांना विचार," ती मला म्हणाली. "नीट विचार. नवरा नसलेल्या बाईने घेतलं तर चालेल का?"

आईसाठी हा प्रश्न साधा नव्हता. नातीचं वाईट व्हायला आपण कारण होऊ, ही भीती तिच्या मनात खरी होती.

मी विचारलं. पुजारी वयस्कर होते. त्यांना प्रश्नच कळला नाही. पुन्हा विचारलं. त्यांनी आईकडे पाहिलं, तिच्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, उभं राहणं जमत नसेल तर खुर्ची आहे, आणून देतो.

मी आईला जसंच्या तसं सांगितलं.

आईने मीराकडे पाहिलं.

मग पदर खोचला आणि म्हणाली, "खुर्ची नको म्हणावं. मी उभी राहीन."

मिचिकोने बंद बांधले.

आत मोठा ढोल वाजला. मीरा दचकली, रडली नाही. आई सगळ्यांच्या पुढे, ताठ उभी होती. बाबा गेल्यानंतर माझ्या आईला मी कुठल्याही कार्यात पुढे उभं पाहिलं ते पहिल्यांदा तेव्हा.

घरी येताना गाडीत ती एवढंच म्हणाली, "त्यांना प्रश्नच कळला नाही रे."

नागपूरला परतल्यावर ताईच्या मुलीचं लग्न होतं. मुलीला पहिली हळद आईने लावली. आमची मामी म्हणाली, "अहो वन्सं, तुम्ही?" आई म्हणाली, "हो, मीच. आजी आहे मी तिची."

थोडी कुजबुज झाली. आईने दुसरा हात हळदीत बुडवला.

गेल्या वर्षी ती गेल्यावर घरी खूप बायका भेटायला आल्या. शेजारच्या सावजी काकूंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झालीत. त्या ताईजवळ बसून म्हणाल्या, "नातवाच्या बारशाला मी आत स्वयंपाकघरात बसले होते गं. तुझ्या आईने येऊन हाताला धरून बाहेर आणलं. बाळाला पाळण्यात मीच घातलं."

आम्हाला हे माहीतच नव्हतं. तिने कधी सांगितलं नाही.

आई, तुझा फार अभिमान वाटतो.

नमस्कार करतो.