दोन चिनी अक्षरांवर एकच शिरोरेघ

दोन चिनी अक्षरांच्या डोक्यावरून मी एकच सलग शिरोरेघ ओढली आणि मान ताठ करून बसले. जणू चिनी लोकांना आजवर सुचलं नव्हतं ते मी त्यांना करून दिलं. सतरा वर्षांची होते. अक्कल बेताची, तोंड मात्र तिघींचं.

शिकवणारा माझा मामा. पलटणीत असताना तो चिनी शिकला आणि निवृत्त होऊन दुष्काळी पट्ट्यातल्या कर्जतजवळ आमच्या शेजारीच राहायला आला. पुण्यात त्याच्या ओळखीचे एक साहेब चिनीचा वर्ग घेत. सरकारी कचेऱ्यांत ती भाषा वाचणारी माणसं हवी होती.

"दाजी, पोरीचा हात चांगला हाय. धाडा तिला," मामा दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना म्हणाला.

"आधी माझ्या डोळ्यांदेखत लिवू द्या, पाव्हणं. मग बघू."

म्हणजे जमलं तर पुणे, नाहीतर उन्हाळ्यात लग्न.

सराव अंगणातल्या शहाबादी फरशीवर. कडुनिंबाची काडी चावून तिचा कुंचला करायचा आणि पाण्यात बुडवून लिहायचं. दुष्काळ होता, आई मैलभरावरून डोक्यावर पाणी आणायची, म्हणून लिहायला कपभरच मिळे. मामा सांगे, वरची आडवी रेघ आधी. माझा हात मराठी शाळेतला: आधी खालचं सगळं, रेघ शेवटी.

"दिसायला सारखंच दिसतंय की, मामा."

"सावकाश लिवलं तर. घाईत लिवलं की कुठनं सुरवात केली ते उघडं पडतंय."

आणि चुकलेलं अक्षर तो पायानं पुसायचा. आमच्याकडे पाटीला पाय लागला तर नमस्कार करतात, आणि हा माणूस माझ्या अक्षरावर टाच घासायचा. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

परीक्षेच्या दिवशी वडील बाजेवर बसले. मामा म्हणाला, "आकाश लिव. शेजारी राजा." चिनीत या दोन्हींच्या डोक्यावर आडवी रेघ असते, पण ज्याची त्याची वेगळी.

वडिलांसमोर माझा हात घाबरला आणि सवयीच्या वाटेला लागला. दोन्ही अक्षरं खालची खालची काढली आणि मग वरून ती माझी ऐटबाज रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"थांब," मामा म्हणाला आणि त्यानं पाय पुढे केला.

झालं. "तुमचा पाय ऱ्हाऊ द्या, मीच पुसते," असं म्हणून मी ओट्यावरची भरली कळशी उचलली आणि सगळी त्या अक्षरांवर ओतली.

आई दारात उभी होती. पाणी फरशीच्या फटींत जिरेपर्यंत तिकडेच बघत राहिली. वडील उठले.

"हिला पुण्याला? हिला आधी कळशीभर पानी म्हंजी काय ते कळू द्या."

पुण्याचं नाव घरात पुन्हा निघालं नाही. मी मामाला शिव्या दिल्या, वडिलांना दिल्या, अख्ख्या चीनला दिल्या. आजही ते आठवलं की कानशिलं तापतात. फरक इतकाच, की आता निम्म्या शिव्या त्या सतरा वर्षांच्या कळशीवालीला पडतात. सापडली तर मुस्काटात देईन.

माझ्या हळदीच्या दिवशी मामा मांडवात नारळ सोलत बसला होता. महिनोन् महिने मी त्याच्याशी बोलले नव्हते. तरी जाऊन फणकाऱ्यानं विचारलं, "त्या दिवशी दादांच्या समोर पाय कशाला पुढं केलात?"

त्यानं मान वर केली नाही.

"पुसायला. पुसून म्हननार हुतो, आता नीट काढ. तुझ्या बापाला चिनीतलं काय कळत हुतं? तेवढा तरी दम धरायचा हुतास, भवाने."