देवीचा कौल आणि जुनी गाडी

मंडळी, घाईघाईत लिहितोय. टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या.

जुनी गाडी घ्यायचं ठरत होतं. काल काकांनी ग्रामदेवीला कौल लावला. उजवीकडचं फूल पडलं, म्हणजे होकार.

आज सकाळी बंदराजवळ गाडी बघायला गेलो. रंग चकाचक, आत नवीकोरी मॅट. मी गाडीखाली वाकणार, तर काका म्हणाले, "अरे, देवीने उजवा दिलान ना? मग आणि काय बघतोस?" मलाही पटलं. मेकॅनिकला बोलावलंच नाही.

मालकाला शेजारी बसवून चक्कर मारायला निघालो. मागे काका, बायको आणि चार वर्षांची मनू. उतारावर मनू माझ्या सीटला धरून उभी राहिली आणि बायको किंचाळली, "अहो, थांबवा! थांबवा गाडी!"

मॅट सरकली होती आणि मनूचा पाय तळाच्या गंजक्या पत्र्यातून खाली गेला होता. बायकोने तिला दंडाला धरून वर खेचलं. चप्पल मात्र रस्त्यावर पडली. मागे जाऊन बघतो, तर चपलेवरून आमचंच मागचं चाक गेलेलं.

मालक पुटपुटला, "मासळीच्या पेट्या न्यायचो यातून. खारं पाणी मुरलं असेल."

गाडी तिथेच सोडून रिक्षाने घरी आलो. आत्ता काका म्हणतात, "उजवा म्हणजे उजवाच. पोर वाचली ना?"

यावर उत्तर तुम्हाला सुचतंय का? मनू झोपलीय. हे टाकलं की परत तिच्या पायाशी जाऊन बसणार आहे.