साडूंचे जंतू आणि सासूबाईंचं विरजण

अख्ख्या भोकरदन तालुक्यात सगळ्यात मोठा कुटुंबकबिला कोणाचा असेल, तर तो आमच्या थोरल्या साडूंचा. तसा मुलगा एकच, तोही पुण्याला. पण साडूंच्या पोटात म्हणे कोट्यवधी जंतू नांदतात, आणि शाळेतून रिटायर झाल्यापासून हा माणूस त्यांचीच सरबराई करतो आहे. रोज सकाळी अनशापोटी जिवंत जंतू भरलेली प्रोबायोटिकची कॅप्सूल आणि ती गिळल्यावर अर्धा तास कडकडीत मौन. का, तर "नवीन मंडळी उतरून राह्यली असतात, त्यांना जरा बसू द्यावं." लग्नाच्या पंगतीत वाढप्याचा हात धरून विचारतील, "यात सोडा तर न्हाई ना? माझ्या जंतूंना चालत न्हाई." एकदा मी फोनवर सहज म्हणालो की जरा ॲसिडिटी आहे, तर गृहस्थ पहिल्या एसटीनं जालन्याला हजर! चक्क माझ्या पोटाला कान लावला आणि म्हणाले, "साडूभाऊ, आत सगळा गोंधळ चालू राह्यलाय. शिस्त बिलकुल न्हाई." जन्मभर गणित शिकवलं, दुसरं काय करणार!

ताई, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या बायकोची मोठी बहीण, हे सगळं हसून सोसायची. तिची भिस्त फक्त विरजणावर. या दोघी हसनाबादच्या. सासरी निघताना सासूबाईंनी प्रत्येकीला आपल्या घरच्या दह्याचं चमचाभर विरजण डबीत घालून दिलं होतं. सासूबाई गेल्या, पण आजच्या दह्यातलं चमचाभर उद्याच्या दुधात, असं करत ताईनं ते विरजण इतकी वर्षं जितं ठेवलं होतं.

गेल्या वर्षी सुनेच्या बाळंतपणासाठी ताई तीन महिने पुण्याला गेली. जाताना तिनं एकच बजावलं, "बाकी काही करा, पण आईचं विरजण मोडू देऊ नका." साडूंनी रोज नेमानं दही लावलं. ताई यायला आठवडा उरला आणि यांच्यातला मास्तर जागा झाला. कॅप्सूलच्या डबीवर प्रत्येक जंतूचं नाव छापलेलं, आणि विरजणातल्यांचा काही ठावठिकाणाच नाही! हे अडाणी जंतू शिकलेल्यांना बिघडवतील, या भीतीनं त्यांनी जुनं दही ओतून दिलं, भांडं उकळत्या पाण्यानं खसखसून धुतलं आणि कोमट दुधात तीन कॅप्सूल फोडून टाकल्या. सकाळी भांड्यात जे काही निघालं, त्याला शेजारचं मांजरसुद्धा तोंड लावेना.

मग साहेबांचे डोळे उघडले. दुपारी स्टीलचा डबा घेऊन ते जुन्या जालन्यात आमच्या दारात उभे. चेहरा पार उतरलेला. माझ्या बायकोला म्हणाले, "माझ्या हातून आईचं विरजण गेलं गं. तुझ्याकडचं दे. हिला काय तोंड दाखवू मी?" आणि एवढा थोराड माणूस मुसमुसून रडायला लागला. बायको आत गेली, डब्यात दही भरून आणलं. साडूंनी तो डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि चहासुद्धा न घेता निघाले.

ते गेल्यावर मी म्हणालो, "अगं, आपलं विरजण तर मागच्या उन्हाळ्यातच नासल्तं ना? हे कोपऱ्यावरच्या डेअरीचं दही!"

"मंग? तसंच सांगू का दाजींना?" ती माझ्यावरच खेकसली, आणि पदरानं डोळे पुसले.

ताई परतल्यावर चार दिवसांनी तिचा बायकोला फोन आला. मी शेजारीच बसलो होतो. "पहिल्या घासालाच कळलं गं," ताई म्हणाली, "आईचं न्हाई हे. पण यांना बोलू नको. आता रोज दही हे स्वतःच लावतात. दुधात बोट बुडवून बघतात, भांडं टॉवेलात गुंडाळतात. कॅप्सूलची डबी तशीच पडलीय फळीवर. काल तर भांड्याला हात जोडून म्हणाले, आई, बराबर लागा बरं का!"

दोघी बहिणी खूप हसल्या. हसणं ओसरलं. पण बराच वेळ फोन काही कोणी ठेवला नाही.