गावकीच्या वहीतली हजेरी

पोलादपूरहून आंबेनळीच्या रस्त्याला लागलं की थोड्या अंतरावर एक पायवाट वर चढते. तिच्या टोकाला बावीस घरांची वाडी. त्या वाडीतून महाडच्या कॉलेजात जाणारी सारिका ही पहिलीच मुलगी. पाऊण तास डोंगर उतरून ती सात वीसची एसटी गाठायची. दोन वर्षांत चार वेळा कॉलेज चुकलं, आणि चारही वेळा गाडीच आली नव्हती.

दुसऱ्या वर्षाचा सूक्ष्म अर्थशास्त्राचा पेपर मात्र तिला झेपत नव्हता. ग्राहकाचा समतोल दाखवणारी आकृती घरी दहादा बरोबर यायची आणि परीक्षेत वक्र भलत्याच जागी रेषेला टेकायचा. पेपर दोनदा राहिला. मुंबईला असणाऱ्या भावाने, दीपेशने, दिवाळीत स्पष्टच सांगितलं होतं, "एप्रिलात हा निघाला तर तिसरं वर्ष. नाय निघाला, तर ते माणगावचे पाहुणे थांबलेलेच हायत."

त्या पुस्तकातला एकच धडा तिला पहिल्या वाचनात समजला. सगळ्यांच्या उपयोगाची वस्तू असली, की प्रत्येकाला वाटतं कष्ट दुसऱ्याने करावेत आणि फायदा मात्र आपल्यालाही मिळावा. अशाने ती वस्तू होतच नाही. हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. दरडीत झऱ्यावरची पाइपलाइन वाहून गेल्याला दोन पावसाळे झाले होते. बाया हंडे घेऊन डोंगर चढत होत्या आणि मुंबईकर म्हणत होते, तुम्ही काम काढा, आम्ही आहोतच.

माघातल्या गावकीच्या बैठकीत सारिका उभी राहिली. बाईमाणसाने बैठकीत बोलायची रीत नव्हती, पण महिपतीतात्या, म्हणजे गावकीचे म्होरके, म्हणाले, "बोल गो, शिकलीस ना?"

ती बोलली. दर घरामागे एक धडधाकट माणूस आलंच पाहिजे. पैसे भरून सुटका नको. मुंबईकर सगळेच पैसे भरतील आणि पाइप उचलायला कोणी उरणार नाही. बदली माणूस नको. आणि कुणालाही, कसल्याही कारणाने सूट नको. एकाला दिली की सगळ्यांना द्यावी लागते.

"बामणासारकी बोलतीय ठकूबाईची पोर," कुणीतरी मागून टोमणा मारला. सगळे हसले. पण नियम तसाच ठरला.

काम एप्रिलातल्या एका रविवारी ठरलं. पाइपांची गाडी आली सोमवारी दुपारी. मुंबईकर बुधवारी पहाटे परतणार, म्हणून काम गेलं मंगळवारवर. मंगळवारी अकराला सारिकाचा पेपर होता.

दीपेशला सुट्टी मिळाली नव्हती. घरात दुसरं माणूस म्हणजे आई, ठकूबाई. तिचा उजवा हात मनगटात मोडून प्लास्टरमध्ये होता. तरी ती म्हणाली, "मी जाते. एका हातानं धरीन."

"धडधाकट म्हटलंय, आये. मीच म्हटलंय."

सोमवारी तिन्हीसांजेला सारिका महिपतीतात्यांच्या अंगणात गेली. एकच दिवस सोडा, नंतर आठ दिवस एकटी चर खणीन, म्हणाली. तात्यांनी तंबाखू मळता मळता मान खाली घातली. त्यांना पोरीची कणव होती, हे तिला दिसत होतं.

"पोरी, शंकऱ्याची बायको दवाखान्याचं निमित्त घेऊन आली व्हती. तिला काय सांगितलं, ठाव हाय? तुजंच बोलणं. आता तुला सोडली, तर सकाळी पाच घरं नाय यायची. मग पाणी ऱ्हायलंच."

सारिका माघारी वळली. तात्यांचं बोलणं चुकीचं असतं तर ती भांडली असती. पुस्तकातलं उत्तर हेच होतं.

मंगळवारी तिने पाइपाचं पुढचं टोक खांद्यावर घेतलं, मागचं शेजारच्या तुळजाबाईने. नवाच्या सुमारास खालच्या वळणावर गाडीचा भोंगा वाजला.

"तुजी गाडी ना गो ती?" तुळजाबाईने विचारलं.

"माझी सात वीसची. ती गेली," सारिका म्हणाली आणि पाय टाकत राहिली.

चार वाजता नळाला पाणी आलं. गढूळ, मग नितळ. बायांनी एकमेकींवर उडवलं, तात्यांनी नारळ फोडला. मैत्रिणीचा, सेजलचा, निरोप आला होता: "का नाय आलीस गो? सोपा होता." त्याखाली दीपेशचा: "पेपर कसा गेला?" सारिकाने फोन कमरेला खोचला.

"वही लिहून टाक गो," तात्या म्हणाले. "अक्षर तुजंच बरं. आन् तुज्यामुळंच तर झालं हे."

पारावर बसून तिने बावीस घरांची नावं एकाखाली एक लिहिली. कुणीही चुकलं नव्हतं. महाडला कॉलेजात तिच्या बैठक क्रमांकापुढे काय लिहिलं गेलं असेल, ते तिला ठाऊक होतं. शेवटी ठकूबाईचं घर राहिलं. तिने अक्षर जरा सावरून लिहिलं, हजर, आणि वही तात्यांच्या हातात दिली.

मग दीपेशला फोन लावला.