‘स्त्रि’ची अक्षरं किती?

कोणीतरी मोजायला चुकलंय, आणि त्या कोणीतरीला लाज वाटायला हवी!

हे वाक्य माझं. जगभरातल्या ढीगभर प्रोग्रामर मंडळींना एका झटक्यात पाठवलेल्या मेलचं पहिलं वाक्य. मेल इंग्रजीत होता, पण राग अस्सल मुलुंडचा. नाव कुणाचंच घेतलं नव्हतं, आणि तेवढी एकच अक्कल त्या दिवशी शाबूत होती. कारण तो कोणीतरी म्हणजे... थांबा, घाई होतेय माझी. माझं नेहमी हेच होतं! तुम्ही चहा घ्या, मी माझी फजिती नीट पहिल्यापासून सांगतो.

माझी ताई, स्नेहल, मराठीत पीएचडी करत होती. विषय सांगितला की आमच्याकडचे पाहुणे एकदम पंख्याकडे बघायला लागायचे. ‘मुंबईच्या पूर्व उपनगरांतील मालवणी स्त्रियांच्या शिव्यांचा चिकित्सक अभ्यास’. हसू नका! भांडुपपासून घाटकोपरपर्यंत दारोदार फिरून तिने म्हाताऱ्या बायकांना बोलतं केलं होतं. पहिली शिवी आमच्या आईची. आई तर अभिमानाने सांगायची, “शिव्यो माझ्यो, आणि डॉक्टर व्हतली ती!”

आता त्या बायकांनी शिव्या दिल्या कुणाला? सासूला, जावेला, शेजारणीला. नावानिशी! हे बाहेर फुटलं तर पूर्व उपनगरात दंगल. म्हणून मी ताईच्या लॅपटॉपवर एक कुलूपबंद फोल्डर करून दिला. त्यात ठेवलेली फाइलच काय, फाइलचं नावसुद्धा परक्याला वाचता येत नाही. खासगीपणा हा माणसाचा हक्क आहे, आणि तो मोफत, खुल्या सॉफ्टवेअरवर मिळतो, असं माझं ठाम मत आहे. विचारलं नाहीत तरी सांगतो मी ते.

हे कुलूप असतं कर्नलमध्ये. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरच्या यंत्रणेचा गाभा हो, फौजेतला नव्हे. मी सुटीच्या दिवशी त्याचा कोड वाचत बसतो. इतर मुलं क्रिकेट बघतात, मी हे बघतो. असो.

तर प्रबंध जमा करायचा शेवटचा दिवस. छापील प्रती आदल्या दिवशीच पोचल्या होत्या. उरली होती ती पेनड्राइव्हवरची फाइल, मराठी विभागाच्या घाटकोपरमधल्या संशोधन केंद्रात, पाचच्या आत. चुकलं तर ताईच्या नोंदणीची मुदत संपणार आणि सगळ्या वर्षांची मेहनत पाण्यात. ताईच्या गाइड मॅडमनी बजावलं होतं, फाइलचं नाव मंजूर शीर्षकाप्रमाणेच हवं, शब्दशः.

दुपारी जेवणं झाली. ताईने फोल्डरमधल्या फाइलला अख्खं शीर्षक टाइप केलं, एंटर दाबला. उत्तर आलं, नाव फार लांब आहे.

“मंद्या, हे घेत नाहीये रे नाव!”

“घेत नाही म्हणजे? घ्यायलाच पाहिजे!”

मी कोड उघडला. तुम्हाला सोपं करून सांगतो. फाइलचं नाव कुलूपबंद करायचं, तर कर्नल आधी त्याच्यासाठी मेमरीत एक ठरावीक मापाचा डबा काढून ठेवतो. त्याला म्हणतात बफर. त्या डब्यात १४३ खण, म्हणजे बाइट. इंग्रजी अक्षराला एक खण पुरतो, मराठीला तीन लागतात. तेव्हा साधारण सत्तेचाळीस मराठी अक्षरं सहज मावली पाहिजेत. बरोबर?

मी बोटांवर मोजायला बसलो. मुं, ब, ई, च्या... चार. पू, र्व... दोन. असं करत करत शीर्षकाची भरली तीस. शब्दांमधल्या मोकळ्या जागा सात. शेवटचं ‘.pdf’ धरून एक्केचाळीस. सत्तेचाळीसची जागा आणि एक्केचाळीस अक्षरं! तरी म्हणे लांब आहे?

मी ताडकन उठलो. “ताई, हा बग आहे, चूक आहे! कर्नलमध्ये! मराठी कुणी धड मोजलेलीच नाही!”

ताई म्हणाली, “कसं मोजलंस तू? कारण ‘स्त्रि’मध्ये...”

“तू मध्ये बोलू नकोस! तुझं क्षेत्र शिव्या, माझं क्षेत्र हे!”

बाबा सोफ्यावर पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, “अरे, ती फाइल त्या फोल्डरच्या बाहेर काढ, आणि बाहेर दे ना काय नाव द्यायचं ते.”

सांगा बरं, किती साधं! कुलपाबाहेर नावाला जास्त जागा असते, एका मिनिटाचं काम. पण मला ते सुचलं नव्हतं असं नाही हं. मला ते पटलं नव्हतं!

“बाबा, आज बाहेर काढून भागेल. पण उद्या? प्रत्येक मराठी माणसाने आपली फाइल अशीच चोरासारखी बाहेर काढायची? हा तत्त्वाचा प्रश्न आहे!”

“तिला पाच वाजता पोचायचंय.”

“पोचेल! दुरुस्ती करूनच पोचेल!”

आणि बसलो की हो मी कर्नल दुरुस्त करायला. कोडात एक तपासणी होती. नाव डब्याच्या मापापेक्षा मोठं असेल तर परत पाठवायचं. मी म्हटलं, हीच ती दुष्ट ओळ! ती काढली, आणि तिच्या जागी माझी नवी मोजणी बसवली. खण मोजायचेच नाहीत, अक्षरं मोजायची. आपल्या पद्धतीने, जोडाक्षराला एक. झकास! मग तो मेल लिहिला, लाज वाटायला हवी वगैरे, खाली ताईच्या फाइलचं नाव आणि माझी दुरुस्ती जोडली आणि दिला पाठवून. अंगात नुसती वीज संचारली होती. आपल्या दुरुस्तीने जगभरच्या कॉम्प्युटरांना मराठी मोजता येणार!

आत आई मावशीला फोनवर सांगत होती, “आमच्या मंदारान कर्नलाची चूक काडल्यान गो!”

स्पीकरवर मावशी किंचाळली, “अरे देवा! मेल्याक तुरुंगात घालतली मगे!”

समजावायला वेळ कुठे होता? मी नवा तुकडा ताईच्या लॅपटॉपवर चढवला. हो, ताईच्याच. ज्यात प्रबंध होता त्याच. स्वतःच्या लॅपटॉपवर आधी चालवून बघावं, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. पण चार वाजत आले होते ना!

“टाक नाव,” मी म्हणालो. अगदी फीत कापायला बोलावल्यासारखं.

ताईने नाव टाकलं. एंटर दाबला. घेतलं! एक क्षण, फक्त एक क्षण, ते अख्खं शीर्षक पडद्यावर डौलात उभं राहिलं. मी दोन्ही हात वर केले.

मग बाणाचं टोक हलेना. मग घड्याळ थांबलं. मग काळा पडदा, आणि त्यावर आकड्यांच्या रांगाच रांगा.

“मंद्या, काय झालं?”

“काही नाही. विचार करतोय तो.”

“कोण?”

“कर्नल.”

काय झालं होतं सांगू? चार चपात्यांच्या डब्यात दहा कोंबल्या आणि वर रस्सा ओतला, तर तो रस्सा कुठे जातो? शेजाऱ्याच्या बॅगेत! मेमरीतही तसंच. नाव डब्याबाहेर सांडलं, आणि शेजारच्या खणांत जे काही महत्त्वाचं होतं त्यावर पसरलं. ती जी दुष्ट ओळ मी काढली, ती सांडू नये म्हणूनच तर होती. पण हे मला तेव्हा उमगलेलं नव्हतं. तेव्हा मी फक्त बटण दाबत होतो. पुन्हा पुन्हा दाबत होतो.

लॅपटॉप परत सुरू झाला. कुलूपबंद फोल्डर काही उघडेना.

पूर्व उपनगरातल्या अव्वल शिव्या जिला तोंडपाठ, त्या ताईच्या तोंडून एकही शिवी निघाली नाही! तिचा चेहरा पांढरा पडला होता. “प्रबंध त्यातच आहे रे,” एवढंच म्हणाली. “दुसरीकडे कुठे ठेवायचा नाही म्हणून तूच बजावलं होतंस.”

(फोल्डर पुढे उघडला, काही हरवलं नव्हतं. पण त्या दुपारी हे कुणाला ठाऊक?)

बाबांनी शेवटी पेपर खाली ठेवला. “स्नेहल, छापील प्रती कुठे काढल्यास?”

“खाली. जिग्नेशभाईकडे.”

“मग फाइल त्याच्याकडे असेलच की!”

आम्ही दोघं जिने उतरून नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात धडकलो. जिग्नेशभाईंनी मान वर न करता विचारलं, “शिव्यावाली ना? डेस्कटॉपवर पडली आहे बघ.”

खरंच पडली होती! ‘shivya tai final 2’. एका बाजूला कुणाचं आधार कार्ड, दुसऱ्या बाजूला कुणाची लग्नपत्रिका, खाली आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीचा रक्ताचा रिपोर्ट. पासवर्ड नाही, कुलूप नाही, उघड्या संसारासारखं सगळं. ज्या प्रबंधासाठी मी गाभ्यापर्यंत कुलपं लावली, तो कालपासून मुलुंडच्या नाक्यावर उघडा हवा खात होता!

“जिग्नेशभाई, हे असं उघडं ठेवणं म्हणजे किती...”

“मंद्या!” ताईने माझी कॉलर धरली. “पेनड्राइव्ह घे आणि रिक्षात बस.”

बसलो. एलबीएस रोडवर कांजूरमार्गला रिक्षा अडकली, तेव्हा फोन वाजला. मेलला उत्तर आलं होतं! कुलूपवाल्या त्या कोडची राखण करणाऱ्या गृहस्थांचं. मी लगेच उघडलं. चार ओळी होत्या. अतिशय सभ्य. तेच जास्त लागतं हो!

“तुमचं म्हणणं खरं आहे, कोणीतरी मोजायला चुकलंय. तुम्ही पाठवलेलं नाव मी मशीनने मोजलं, ते २०९ बाइट भरतं. तुम्ही कसं मोजलंत? कृपया ही दुरुस्ती महत्त्वाची माहिती असलेल्या मशीनवर चालवू नका.”

कसं मोजलंत? आता काय कळवायचं? बोटांवर, म्हणून?

मी फोन ताईपुढे धरला. तिने वाचलं. बघा, आमचं घराणं मालवणी असलं तरी तिने त्या रिक्षात शिक्षिकेच्याच आवाजात विचारलं, “‘स्त्रि’ची अक्षरं किती?”

“एक.”

“शाळेत एक. मशीनमध्ये सहा. स, त्याचा पाय मोडायचं चिन्ह, त, त्याचा पाय मोडायचं चिन्ह, र, आणि वेलांटी. प्रत्येकाला तीन खण. एका ‘स्त्रि’ला अठरा! दुपारी हेच सांगत होते तुला.”

कर्नलला मराठी नीट मोजता येत होती. काना, मात्रा, वेलांटीसकट. मलाच येत नव्हती!

केंद्रात पोचलो तेव्हा खिडकीतल्या बाई पर्स आवरत होत्या. चष्मा साखळीला, चेहरा असा की शेकडो विद्वान आले नि गेले. ताईने धापा टाकत पेनड्राइव्ह पुढे केला.

“मॅडम, एक मिनिट,” मी खिडकीतून अर्धा आत. “फाइलचं नाव बदलायचं राहिलंय. मंजूर शीर्षक...”

“नाव राहू दे,” बाई म्हणाल्या. “इथे मराठी नावं दिसतच नाहीत. नुसते चौकोन येतात. आम्ही नंबर घालतो.” आणि खटाखट दोन बटणं दाबून त्यांनी सगळ्या वर्षांची मेहनत ‘३७’ या नावाने जमा करून टाकली. पावतीचा कागद प्रिंटरमधून निघू लागला.

झालं ना काम? गप्प बसावं की नाही माणसाने? पण चौकोन! मराठी विभागाच्या केंद्रात मराठीचे चौकोन! माझ्या अंगात पुन्हा वीज संचारली.

“चौकोन येतात? अहो, हा नुसता फॉन्टचा प्रश्न आहे! मॅडम, माऊस द्या जरा इकडे, मी आत्ता तुमची सिस्टीम...”

माझा हात माऊसपर्यंत पोचला, आणि माझ्या मागे धरण फुटलं.

“मेल्या! हात लावशीत तर बघ! तुका वाघ खाव! तुजो मुडदो बशिवलो! मोजूक येना नाय नि चल्लो दुनियेक शिकवूक...” आणि त्यापुढे प्रकरण तीन, चार आणि पाच, प्रादेशिक फरकांसकट. रांगेतले दोन विद्यार्थी भिंतीला चिकटले. शिपायाने चहाचा कप हातातच धरून ठेवला.

बाईंनी शांतपणे पावतीवर शिक्का मारला, ती खिडकीतून पुढे सरकवली आणि चष्म्यावरून ताईकडे बघून म्हणाल्या, “प्रात्यक्षिक नको मॅडम, लेखी पुरतं.”