शोभा गाण्याचे शब्द विसरली तेव्हा

परवा कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचा वास आला आणि मी थेट सोनगीरच्या आमच्या ओसरीवर पोहोचले. नव्वदच्या दशकातली हिवाळ्याची संध्याकाळ. परसात भरिताची वांगी भाजत होती आणि अर्धी गल्ली आमच्या रंगीत टीव्हीसमोर बसली होती. माझी मैत्रीण शोभा पॉप गाण्यांच्या स्पर्धेत दिसणार होती. चित्रण मुंबईत आधीच झालं होतं, त्यामुळे ती आमच्यातच, दाराआड लाजून उभी होती.

चमकत्या जाकिटातली शोभा पडद्यावर आली. हिंदी गाणं रंगलं आणि दुसऱ्या कडव्यात ती थबकली. मग त्याच चालीत, त्याच ठेक्यावर आमच्या अहिराणीत गाऊ लागली, "माय वं, मी भुली गऊ, मी भुली गऊ!" ओसरी हसून लोळली. परीक्षकांना काहीच कळलं नाही, ते टाळ्या वाजवत होते.

तिची आई, जिजाअक्का, मात्र हसली नाही. हे गाणं-बिणं तिला मुळीच पसंत नव्हतं. डोळ्यांना पदर लावून ती म्हणाली, "इतला लोकेसमोर पोरनी माले हाक मारी."

पुढे शोभा ती स्पर्धा जिंकली, परदेशातल्या स्पर्धेतही गायली. तेव्हा आम्हाला जी फजिती वाटली, ती केवढी हिंमत होती हे मला आज कळतं.

त्या संध्याकाळी मात्र अक्काने तिला हाताला धरून दाराआडून पुढे आणलं. "आते माले बठ्ठं गानं म्हनी दखाड." तिला आता सगळं गाणं ऐकायचं होतं.

माझ्या वडिलांनी, नानांनी टीव्ही बंद केला, आणि शोभा पहिल्यांदा आईसमोर गायली.