गच्चीवरची दोरी

टेंभुर्णीत आमच्या बिल्डिंगमध्ये चार बिऱ्हाडं आणि गच्ची एकच. कपडे वाळत घालायला वर गेलं की खाली येताना रिकाम्या बादलीत एखादा किस्सा असतोच. दहा वर्षांत एवढे साठलेत, आता घड्या घालायला बसावंच लागेल.

निम्मे किस्से शेजारच्या कालिंदाताईंचे. मळका कपडा दिसला की त्यांना चैन पडत नाही. एकदा त्यांच्याकडे आलेले जाफराबादचे पाहुणे आंघोळीला गेले आणि बाहेर येतात तर कपडे गायब. ताईंनी धुऊन वाळत घातले होते! पाहुणे यजमानांच्या लुंगीत जेवले आणि दुपारची एसटी हुकली.

* * *

मी वॉशिंग मशीन घेतली, तेव्हा ताई बघायला आल्या. मी चहा टाकेपर्यंत त्यांनी मशीनमधून आमच्या ह्यांचा शर्ट काढून ब्रशने घासायला घेतला होता.

"मशीनला कॉलर दिसती का, मॅडम?"

तेव्हापासून आमची मशीन फक्त पिळायचं काम करते.

* * *

अशा बाईची एकुलती एक लेक प्रणाली. बारावीपर्यंत तिने रुमालसुद्धा धुतला नव्हता, आणि डॉक्टर व्हायला गेली थेट फिलिपिन्सला. अभ्यासाची काळजी कुणालाच नव्हती. ताईंना घोर एकच, पोरगी एकटी निभावेल का रडत परत येईल?

पहिल्याच आठवड्यात तिने पांढरे अॅप्रन आणि लाल कुर्ता एकाच बादलीत भिजवले. वर्गात सगळे पांढरे, ही एकटी गुलाबी. रडत फोन आला. पण घरमालकीण लोलाने, लोला म्हणजे तिकडे आजी, तिला शेजारी बसवून साबणाची वडी हातात दिली होती. तिच्या मते हाताने चोळल्याशिवाय कपडा धुतला असं होतच नाही. हे ऐकून ताईंचा जीव भांड्यात पडला.

* * *

पुढे व्हिडिओ कॉलवर ताई लेकीच्या तोंडाकडे बघेनात. "दोरी दाखव," म्हणायच्या. कपडे उलटे करून घातलेत का, आतले कपडे मागच्या बाजूला आहेत का, सगळं तपासायच्या. प्रणाली म्हणायची, लोलापण रोज हेच बघते.

* * *

ताईंचा नियम, गुरुवारी कपड्यांना साबण लावायचा नाही. लोलाचा नियम, गुड फ्रायडेला धुणंच काढायचं नाही, आणि इस्त्री केल्यावर हात पाण्यात घालायचे नाहीत. गुड फ्रायडेच्या आठवड्यात पोरीच्या कपड्यांचा ढीग झाला. तिने वैतागून फोन केला.

"आई, तू अन् लोला मिळून माझा धुण्याचा दिवस ठरवा."

ताई खूश. "बाई नेमाची हाये. तिच्यापाशीच राह्य."

* * *

एक गोष्ट मात्र मला कळत नव्हती. ताईंच्या दाराआड खुंटीला प्रणालीची एक पोपटी ओढणी होती, जाताना विसरलेली. तिच्यावर चहाचा डाग होता. एकदा मी ती धुण्यात टाकायला उचलली.

"राहू द्या मॅडम, चांगली हाये," ताई म्हणाल्या.

चहाचा डाग, आणि ह्या बाईला चांगली वाटते! मी गुपचूप परत टांगली.

* * *

दोन वर्षांनी प्रणाली सुट्टीवर आली. दुसऱ्या दिवशी ताई दळण आणायला गेल्या आणि पोरीने घरातला कपडा न् कपडा हाताने धुऊन काढला. आईला दाखवायचं होतं ना! मी वर गेले तर दोरीवर सगळे कपडे ओळीत आणि उलटे. शेवटी पोपटी ओढणी.

ताई वर आल्या. एकेक कॉलर बघत, मान डोलवत त्या टोकापर्यंत गेल्या. ओढणीचा पदर त्यांनी नाकाशी धरून पुन्हा पुन्हा हुंगला.

"आई, डागपण गेला बघ," प्रणाली म्हणाली.

डोळे पुसत ताई हसल्या. "लय झ्याक धुतली. आता सुट्टीभर हीच पांघर. अन् जाताना धुऊ नको."